चार, पंधरा की सतरा? फौजेच्या नोकरीची नेमकी मुदत

(फौजेच्या कागदपत्रांविषयीच्या वाचकांच्या शंकांना या सदरात एक निवृत्त सुभेदार क्लार्क उत्तरं देतात.)

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. माझा धाकटा मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेला आणि सध्या बेळगावला मराठा सेंटरमध्ये ट्रेनिंगला आहे. घरात जो तो वेगळं सांगतो. सासरे शिपाई म्हणून सतरा वर्षं करून पेन्शनवर आले, ते म्हणतात सतरा. चुलतदीर हवालदार होते, ते चोवीस वर्षांनी आले. माझा भाऊ म्हणतो, पंधरा झाली की बास. शेजारचे म्हणतात, कसली पंधरा, चारच. त्यात एका चांगल्या घरातून सोयरीक आली आहे आणि मुलीचे वडील विचारतात, नोकरी किती वर्षांची? मी काय सांगू? आणि समजा नाहीच जमलं, तर मधेच सोडून येता येतं का?
— एक आई, कोरेगाव तालुका

उत्तर : ताई, तुमच्या घरातलं कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या कागदावरचा आकडा सांगतोय. फौजेत तीन वेगवेगळ्या मुदती असतात आणि गावाकडे पारावर त्यांची खिचडी होते. भरती होताना किती वर्षांसाठी सही केली, ही एक. किती वर्षांनी पेन्शन लागू होते, ही दुसरी. आणि ज्या हुद्द्यावर आहे त्याप्रमाणे भरतीपासून एकूण जास्तीत जास्त किती वर्षं ठेवतात, ही तिसरी.

सासऱ्यांचे सतरा हे तिसऱ्या प्रकारातले. शिपायाला १७ वर्षं, नाईकला २२, हवालदाराला २४, सुभेदाराला २८, असा जुना हिशोब. पुढे प्रत्येकावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू लागली, म्हणून हल्ली हवालदार २६ वर्षं करून आलेला दिसतो. वयाचीही मर्यादा असते. यातली जी आधी गाठली जाईल ती लागू. चुलतदिरांना बढती मिळाली म्हणून ते जास्त राहिले, एवढाच फरक. भावाचे पंधरा पेन्शनचे आहेत. शिपायापासून सुभेदारापर्यंत पेन्शन बसायला किमान १५ वर्षांची नोकरी लागते.

तुमच्या मुलाची सही मात्र चार वर्षांची आहे. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली, तेव्हापासून जवानांची नेहमीची भरती याच वाटेने होते. ट्रेनिंग या चार वर्षांतच धरलेलं आहे. बेळगावचे ३१ आठवडे वेगळे मोजायचे नाहीत. चार वर्षं पुरी झाली की सगळेच बाहेर पडतात आणि त्यांच्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम भरतीत घेतात. ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. कायम झालेल्याला पुढे किमान १५ वर्षांची सही करावी लागते आणि पहिली चार वर्षं पेन्शनच्या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे नशिबाने आणि मेहनतीने तुमचा मुलगा कायम झाला, तर पेन्शन हातात पडेपर्यंत त्याची एकूण १९ वर्षं झालेली असतील.

आता पैशाचं, कारण मुलीचे वडील पुढचा प्रश्न तोच विचारतील. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. चार वर्षांत त्याचे ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं आणि व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतात, प्राप्तिकर नाही. कायम झाला तर सरकारचा वाटा मिळत नाही, स्वतःचे पैसे आणि त्यावरचं व्याज मिळतं. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि कॅन्टीनचं कार्डही नाही. हे शेवटचं ऐकून अनेक घरांत पेन्शनपेक्षा जास्त वाईट वाटतं, हे मी पाहिलं आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली होती. त्या जाहिरातींवर चौथ्या वर्षापासून डोळा ठेवा.

सोयरिकीचं स्पष्ट सांगतो. अग्निवीराला चार वर्षांत लग्न करायची परवानगी नाही, आणि कायम व्हायचं असेल तर तो निकाल हातात येईपर्यंत थांबायचं. ‘साखरपुड्याबरोबर गुपचूप देवळात उरकून घेऊ, कुणाला कळतंय’ असं म्हणणारा एखादा मामा प्रत्येक खानदानात असतो. त्याला घरीच बसवा. फौजेत लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीत बदल करण्याचा हुकूम, निघते, त्यावरून बायकोचं नाव शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, चढतं, आणि पुढे मुलांची नावं, फॅमिली पेन्शन, सगळं त्या एका ओळीवर चालतं. लपवलेलं लग्न त्या ओळीत नसतं. उद्या काही बरं-वाईट झालं तर ती पोर कागद घेऊन कुठे फिरणार? मुलीच्या वडिलांना सांगा : चार वर्षं पक्की, पुढचं त्याच्या कामावर आणि निवडीवर. ज्यांना थांबायचं ते थांबतील.

राहिलं मधेच सोडण्याचं. अग्निवीराला स्वतःच्या मर्जीने मुदतीआधी सोडता येत नाही. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने सोडतात, आणि तेव्हाही सेवानिधीतला सरकारचा वाटा मिळत नाही. सुट्टीवर आला आणि परत गेलाच नाही, तर तो राजीनामा होत नाही. ३० दिवस गैरहजर राहिला की चौकशी बसते आणि भगोडा म्हणून नोंद होते. गावात पोलीस विचारत येतात. वर्षाला ३० दिवसांची रजा असते, तेवढ्यात बसवा काय बसवायचं ते.

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे एनरोलमेंट फॉर्म. १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे सही घेण्याआधी भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने नोकरीच्या अटी वाचून, समजावून सांगायच्या असतात. सांगतातही. पण त्या वेळी पोरं बनियनवर रांगेत उभी असतात, दोन दिवसांची झोप झालेली नसते आणि लक्ष सगळं पलीकडे चाललेल्या नाभिकाच्या मशीनकडे. ‘समझ में आया?’ म्हटलं की सगळे एका सुरात ‘जी साब!’ नंतर माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, ‘साहेब, गणपतीला सुट्टी मिळंल का?’ तेव्हा मुलगा पहिल्या सुट्टीला आला की त्याला जेवायला वाढा आणि मग विचारा, फॉर्मवर काय लिहिलं होतं. त्याला आठवणार नाही. भरतीच्या जाहिरातीची छापील प्रत मात्र घरात ठेवा. त्यात अटी असतात.

प्रश्न : आजोबा १९६० साली भरती झाले आणि १९६७ ला घरी आले. १९७१ च्या लढाईला त्यांना परत बोलावलं होतं, असं आजी सांगते. सात वर्षांच्या नोकरीवर पेन्शन कशी? गावातले लोक म्हणतात, मिळणारच नाही.
— एक नातू, खटाव तालुका

उत्तर : आजी बरोबर सांगते. त्या काळी शिपायाची सही दोन तुकड्यांची असायची. सात वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, म्हणजे कलर सर्व्हिस, आणि उरलेली वर्षं रिझर्व्हमध्ये. माणूस घरी शेती करायचा, पण बोलावणं आलं की बिस्तरा बांधून हजर. १९६५ पासून पलटणीतली वर्षं वाढवून दहा केली, १९७६ पासून पंधरा आणि त्यापुढे, आणि रिझर्व्ह हळूहळू मागे पडलं. म्हणून आजच्या पोरांना हा प्रकार ऐकूनही माहीत नसतो.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दोन्ही मिळून १५ वर्षं भरली असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शन बसते. काही जणांनी मात्र तेव्हा पेन्शनऐवजी एकरकमी ग्रॅच्युइटी घेतली होती, त्यांचा विषय वेगळा. आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, शोधा. बहुधा ट्रंकेच्या तळाशी, मेडलच्या डबीबरोबर असतं. त्यात रिझर्व्हमध्ये बदली झाल्याची तारीख आणि रिझर्व्हमधून सुटल्याची तारीख, या दोन नोंदी पाहा. १९६७ ची तारीख पहिली असेल. दुसरी जर १९७५ च्या आसपासची असेल तर हिशोब जुळतो. आजोबांना पेन्शन चालू होती का, हे बँकेच्या जुन्या पासबुकावरून आणि पी.पी.ओ. वरून, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरून, कळेल. चालू होती आणि आजोबा आता नसतील, तर आजीच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज करा. या सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कचेरीला, पत्र जातं. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात देऊन येऊ नका. एजंटाच्या तर मुळीच नाही. हे काम फुकट होतं.

आजोबांच्या आणि आजीच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा. तेव्हाच्या क्लार्कांनी कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं आहे, आमचीच जात. निम्मी प्रकरणं तिथे अडकतात.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शॉर्ट सर्व्हिसमधून अधिकारी झाले तर किती वर्षं राहावं लागेल?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : १० वर्षं, आणि मुदतवाढ मिळाली तर आणखी ४. दहाव्या वर्षी पर्मनंट कमिशनसाठी, म्हणजे अधिकारी म्हणून कायम करण्यासाठी, विचार होतो. ते मिळालं तर निवृत्तीच्या वयापर्यंत. चौदा वर्षं करून बाहेर पडलात तर पेन्शन नाही, कारण अधिकाऱ्यांना पेन्शनसाठी २० वर्षं लागतात. मात्र ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळतो. ट्रेनिंग अर्धवट सोडलं तर त्याचा खर्च भरून द्यायचा बाँड असतो, तो सही करण्याआधी वडिलांना वाचायला द्या.