टाचा मॅटवरच राहू द्या : मिनी ट्रॅम्पोलिनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी करायच्या व्यायामांबद्दल लिहिताना मिनी ट्रॅम्पोलिनचा, म्हणजे स्प्रिंग किंवा इलॅस्टिक दोऱ्यांवर मॅट ताणलेल्या, उड्या मारायच्या छोट्या साधनाचा, जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत.

ताई, माझं वय 54. दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झालीये, डॉक्टरांनी पळू नका म्हणून बजावलंय. मुलाने मिनी ट्रॅम्पोलिन आणून दिलंय. धावण्यापेक्षा हे 68 टक्के जास्त फायद्याचं, नासानेच सिद्ध केलंय असं जिकडेतिकडे वाचते. खरं आहे का? आणि गुडघ्यांना चालेल ना?

आधी नासाचं बघू. अभ्यास झालाय हे खरं, 1980 साली जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजीमध्ये छापून आला, पण त्यात होते फक्त 8 जण आणि तेही तरुण मुलगे. त्यांच्या घोट्याला, पाठीला आणि कपाळाला धक्का मोजायची यंत्रं बांधली, एकदा ट्रेडमिलवर पळवलं आणि एकदा ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला लावल्या. पळताना घोट्याला बसणारा धक्का पाठीच्या आणि कपाळाच्या दुपटीहून जास्त निघाला, ट्रॅम्पोलिनवर मात्र तिन्हीकडे जवळपास सारखाच. तुमच्या कामाची गोष्ट ही आहे. ते 68 टक्के वेगळंच प्रकरण आहे, तेवढाच ऑक्सिजन वापरून शरीराकडून झालेलं बाहेरचं काम (म्हणजे शरीर वर उचलणं, हलवणं) जास्तीत जास्त किती वाढलं त्याचा तो आकडा, आणि ते वाढणारच कारण वर ढकलायचं बरंचसं काम स्प्रिंग करते. ऑक्सिजन तेवढाच तर कॅलरीही साधारण तेवढ्याच. म्हणजे 68 टक्के जास्त चरबी जळते वगैरे जे सांगतात ते विसरा.

आता गुडघे. फरशीवर पाय आपटला की शरीर एका क्षणात थांबतं आणि तो सगळा दणका सांध्यात जातो, मॅटवर मात्र ती खाली जात जात तुम्हाला हळूहळू थांबवते, थांबायला वेळ जास्त मिळाला की जोर कमी लागतो. पण हे तुम्ही किती उंच उडताय त्यावर आहे बरं का! जितकं उंच जाल तितक्या वेगाने खाली याल, आणि मॅट तळाला जाऊन परत फेकते तेव्हा पायांवर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. म्हणून उडायचंच नाही. टाचा मॅटवरून न उचलता, गुडघे किंचित वाकलेले ठेवून, मॅट खाली दाबायची आणि सोडायची, डोकं जेमतेम वरखाली होईल एवढंच. याला हेल्थ बाउन्स म्हणतात, दिसायला काहीच वाटत नाही पण मांड्यांना आणि पोटऱ्यांना बरोबर समजतं. पहिला आठवडा दोन-तीन मिनिटं पुरे, दांडी असेल तर ती धरून. मग जागच्या जागी चालणं, मग वाढवत दहा मिनिटं. एका पायावर उडणं आणि कंबरेतून वळत उडणं हे व्हिडिओतल्या पोरींना करू दे, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला किंवा नेहमीपेक्षा जास्त दुखला तर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजून निम्म्यावर या. आणि गुडघा मधेच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, लिगामेंट किंवा गुडघ्यातल्या गादीचं काही निघालं असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय त्यावर पाऊलच ठेवू नका, मऊ डुगडुगत्या पृष्ठभागावर असा गुडघा सावरायला जास्त कष्ट पडतात.

अजून एक, जे फार कमी जण सांगतात. खरी भीती उतरताना असते. पाच-दहा मिनिटं मॅटवर काढली की फरशी एकदम दगडासारखी लागते, पाय जड होतात आणि घोटा मुरगळतो. थांबा, अर्धा मिनिट नुसतं उभं राहा, मग काहीतरी धरून एकेक पाय खाली ठेवा. टुणकन उतरायचं नाही, घाई असली तरी नाही.

दुसऱ्या बाळंतपणाला दीड वर्ष झालं. ट्रॅम्पोलिनवर दोन उड्या मारल्या की लघवी निसटते. कोणाला विचारायची लाज वाटते, म्हणून इथे लिहितेय. व्यायाम बंद करू का?

बरं झालं लिहिलंत, याच विषयाची अजून चार पत्रं माझ्यासमोर पडलीयेत. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, आणि उडी मारून खाली येताना पोटातला सगळा दाब त्यांच्यावर येतो, ते वेळेवर आवळले गेले नाहीत की असं होतं. खोकताना शिंकताना होतं तेच हे. खूप जणींना होतं, पण म्हणून 'बायकांचं असंच असतं' म्हणत पॅड लावून उड्या मारत राहू नका, त्याने ते स्नायू आपोआप सुधारत नाहीत. सध्या उड्या थांबवा. जमिनीवर त्या स्नायूंचे व्यायाम रोज करा, म्हणजे लघवी मधेच अडवताना जसं आवळतो तसं आवळून धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं, ते सोडणंही तितकंच महत्त्वाचं, आणि हो, प्रत्यक्ष लघवी करताना याचा सराव करायचा नाही. साधारण तीनेक महिने नेमाने केलं तर बहुतेकींना फरक पडतो. मग ट्रॅम्पोलिनवर फक्त हेल्थ बाउन्सने सुरुवात, मूत्राशय रिकामं करून. खाली काहीतरी उतरल्यासारखं, जड जड वाटत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी भेटा, ते अंग खाली येण्याचं लक्षण असू शकतं. आणि डॉक्टरांना सांगताना लाजू नका हो, त्यांच्यासाठी हे रोजचंच आहे.

वडील 72 वर्षांचे आहेत, दोनदा तोल जाऊन पडले. ट्रॅम्पोलिनने तोल सुधारतो म्हणतात, त्यांना देऊ का?

सुधारू शकतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर मंडळींकडून 14 आठवडे मिनी ट्रॅम्पोलिनवर व्यायाम करून घेतला, तेव्हा पुढे झोक गेल्यावर स्वतःला सावरण्याची त्यांची क्षमता वाढलेली दिसली. पण ती मंडळी देखरेखीखाली करत होती, आणि तुमचे वडील आधीच दोनदा पडलेत. ते का पडले हे आधी शोधा, रक्तदाबाच्या गोळ्या, डोळे, कान, पायातल्या संवेदना, कारण काहीही असू शकतं. हाडं ठिसूळ आहेत का तेही तपासून घ्या. चक्कर येत असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर विषय बंद. सगळं ठीक निघालं तरी सुरुवात खुर्चीच्या पाठीला धरून जमिनीवर एका पायावर उभं राहण्यापासून करायची, मॅट त्याच्या बरीच नंतर, तीही दोन्ही हातांनी दांडी धरून आणि शेजारी कोणीतरी उभं असताना.

माझं वजन 98 किलो आहे. चालेल का? आणि वजन उतरेल?

ट्रॅम्पोलिनवर कमाल वजन लिहिलेलं असतं. तिथे 100 असेल तर ते घेऊ नका, 130-150 वालं बघा, कारण मर्यादेच्या काठावर असलात की मॅट फार खोल जाते आणि पाय खाली जमिनीला टेकू शकतात. वजनाचं विचाराल तर अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजने 2016 मध्ये 24 विद्यार्थ्यांवर करवून घेतलेल्या अभ्यासात एक मजेशीर गोष्ट दिसली, त्यांना व्यायाम हलका वाटत होता पण हृदयाचे ठोके मध्यम ते जोरदार व्यायामाएवढे पडत होते. हा खरा फायदा, दमल्यासारखं न वाटता काम होतं आणि उद्या परत करावंसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यातला काही भाग यावर काढा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की मध्यम झालं. मात्र खाण्याकडे न बघता नुसत्या ट्रॅम्पोलिनवर वजन उतरवायचं म्हणाल तर मी तरी भरवसा देणार नाही.

उड्या मारल्याने लसिका वाहते आणि शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात, खरं का?

लसिका म्हणजे लिम्फ, शरीरात फिरणारा पाण्यासारखा द्रव. तिला हृदयासारखा पंप नाही, ती मुख्यतः स्नायूंच्या हालचालीने आणि श्वासाने पुढे सरकते, त्यामुळे कुठल्याही व्यायामाने वाहते, चालण्यानेसुद्धा. विषारी द्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंड बघतात. एवढंच.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खालचे लोक तक्रार करतील का? स्प्रिंगवालं घ्यावं की इलॅस्टिक दोऱ्यांचं?

दोऱ्यांचं. महाग असतं पण आवाज कमी, उसळी मऊ आणि सांध्यांनाही बरं. स्प्रिंगवालं काही दिवसांनी कुरकुरायला लागतंच. दणका पायांमधून खाली जातो म्हणून त्याखाली जाड रबरी मॅट घाला, आणि टाचा टेकलेल्या ठेवल्यात तर खाली फारसं ऐकूही जाणार नाही. घेण्याआधी त्यावर उभं राहून हात वर करा, पंखा किंवा दिवा लागत असेल तर जागा बदला. नुसत्या मोज्यांनी चढू नका, अनवाणी किंवा तळाला रबरी ठिपके असलेले मोजे. दर महिन्याला दोऱ्या तपासा, एखादी विरली असेल तर लगेच बदला, आणि घडी होणारं असेल तर दरवेळी पायाचे स्क्रू नीट आवळलेत ना बघा.

माझं झालं की दोन्ही मुलं (5 आणि 8 वर्षं) एकदमच त्यावर चढतात. चालतं ना?

नाही. ट्रॅम्पोलिनवरच्या बहुतेक दुखापती एकापेक्षा जास्त जण एकाच वेळी उड्या मारत असताना होतात, आणि त्यात जो लहान असतो त्यालाच जास्त लागतं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर घरात खेळायला ट्रॅम्पोलिन नकोच म्हणते, सहा वर्षांखालच्यांना विशेष करून. तुमचं झालं की ते भिंतीला उभं करून बांधून ठेवा, नाहीतर खोलीला कडी घाला. रडतील दोन दिवस, रडू देत.