‘रेगनी’ म्हणून आणलेले दोन ड्वार्फ पाइक सिक्लिड: दोन जाती की नर-मादी?

आपण विचारले आहे की, मडगावच्या दुकानातून ‘रेगनी’ म्हणून आणलेल्या दोन ड्वार्फ पाइक सिक्लिडपैकी (सिक्लिड कुळातले, लांबट अंगाचे, लहान चणीचे टाकीतले मासे) एकाच्या पाठीवरच्या परावर पांढऱ्या कडेचा काळा ठिपका आहे, दुसऱ्याच्या नाही. दुकानदार म्हणतो त्याप्रमाणे ठिपकेवाला ‘नोटोफ्थॅल्मस’ या वेगळ्या जातीचा समजावा का? एवढ्यावरून तसे समजू नये, असे माझे मत आहे.

घोटाळा नावाने केला आहे. नोटोफ्थॅल्मस म्हणजे ‘पाठीवर डोळा असलेला’. मत्स्यशास्त्रज्ञ रेगन यांनी 1913 मध्ये हे नाव दिले. पण असा डोळ्यासारखा ठिपका रेगनीच्या मादीलाही असतो, त्यामुळे आपल्या टाकीत दोन जाती नसून एकाच जातीचे नर-मादी असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून आधी लिंग ठरवावे आणि मग मादीची तुलना मादीशी व नराची नराशी करावी. अंड्यावर आलेल्या मादीचे पोट गुलाबी-लालसर दिसते. नर सहसा तिच्याहून लांब असतो.

नर ओळखला की त्याच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे पाहावेत. पूर्ण वाढलेल्या नोटोफ्थॅल्मस नरात ते पडद्याच्या वर धाग्यांसारखे निघालेले असतात, तर रेगनीच्या पराची कड बरीचशी सरळ जाते. घाबरलेला मासा पर मिटून बसतो, तेव्हा काही दिसत नाही. मी काचेबाहेर लहानसा आरसा धरतो आणि नर प्रतिबिंबावर फुगून पर उभारतो, त्या क्षणी बाजूने छायाचित्र घेतो. मात्र कोवळ्या नरात धागे आलेले नसतात, आणि फाटका पर तर हमखास फसवतो: माझ्या एका नराचे धागे सोबतच्या माशाने कुरतडले होते आणि मी चार महिने त्याला रेगनीच म्हणत होतो. अंगावरच्या पट्ट्यांवर तर मुळीच विसंबू नये, कारण एकाच माशाचा आडवा गडद पट्टा मनःस्थितीनुसार फिकट होतो आणि त्या जागी उभे पट्टे उमटतात.

मासा कोणत्या नदीतला, हे कळल्यास काही जाती लगेच बाजूला पडतात. याच गटातला कॉम्प्रेसिसेप्स ब्राझीलच्या तोकांतिन्स नदीतला आणि युरोसेमा तिथल्याच तापाजोस नदीच्या खळाळातला आहे. रेगनी मात्र अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात दूरवर पसरलेला असल्याने त्याच्या बाबतीत पत्त्याचा फारसा उपयोग नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. मोठ्या पाइक सिक्लिडची पिल्लेही ‘ड्वार्फ’ म्हणून विकली जातात. फोंड्यात मी असेच एक बोटभर पिल्लू आणले होते. वर्ष सरेपर्यंत ते वीतभर झाले आणि टाकीतले सगळे टेट्रा (लहान शोभेचे मासे) त्याच्या पोटात गेले. कल्ल्यामागे, खांद्याजवळ ठळक काळा ठिपका असल्यास तो मोठ्या पाइक सिक्लिडच्या सॅक्साटिलिस गटातला असावा, आणि खवले अगदी बारीक व दाट असल्यास ल्युगुब्रिस या दुसऱ्या मोठ्या गटाचा संशय घ्यावा. रंगापेक्षा मोजता येईल ते पाहणे केव्हाही बरे. आपल्याकडचा काळुंदर आणि तिलापिया, दोघेही सिक्लिडच; पण काळुंदराच्या पोटाखालच्या मागच्या परात बारा-तेरा काटे असतात, तिलापियाच्या तीनच. बाजारात सोललेला तुकडा समोर आला, तर गोष्ट वेगळी.

जुन्या लेखांत या जाती क्रेनिसिक्ला या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, म्हणजे ‘जीनस’मध्ये) सापडतील. 2023 मध्ये लहान चणीच्या या गटाला वॉलेसिया ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. 1852 मध्ये ज्यांचे जहाज समुद्रात जळाले, पण रिओ नेग्रो नदीच्या माशांची रेखाचित्रे बचावली, त्या निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यावरून. त्यामुळे दोन नावे दिसली म्हणून दोन मासे आहेत, असे मानू नये.

आपल्या जोडीसाठी टाकीत भोक पाडलेली करवंटी पालथी ठेवून पाहावी. हे मासे कपारीत अंडी घालतात. तरीही जोडी जमली म्हणजे जात एकच, हे सिद्ध होत नाही, कारण जवळच्या जातींचा संकर टाकीत होऊ शकतो. नराचे काटे नीट दिसेपर्यंत पिल्ले ‘रेगनी’ म्हणून कोणाला देऊ नयेत.