आजीचे स्वल्पविराम

प्रिय सई,

काल आजीशी व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "आई, आजी स्वल्पविराम चुकीच्या जागी का देते?" नऊ एक्क्यांच्या संख्येला (१११११११११) त्याच संख्येने गुणून तू लिहिलंस १२,३४५,६७८,९८७,६५४,३२१. आजीने वहीत मांडलं १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१.

चूक कोणाचीच नाही, बाळा. आजी पेन्सिलीचं टोक उजवीकडून एकेका आकड्यावर टेकवत पुटपुटत होती, ते आठव: एकं, दहं, शतं... तिथे पहिला स्वल्पविराम. पुढे आपल्याकडे दर दोन घरांनी नाव बदलतं: हजार-दशहजार, लाख-दशलाख, कोटी-दशकोटी. इंग्रजीत ते तीन घरांनी बदलतं, म्हणून तुझ्या शाळेत तिनाचे गट. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त तर परार्धापर्यंत अठराही घरांना वेगवेगळी नावं दिली आहेत. तुझा डावीकडचा पहिला १ सतराव्या घरात बसतो, त्याचं नाव 'मध्य'.

आता संख्येकडे बघ. उलटी वाचली तरी तीच. गुणाकार कागदावर उभा मांड: एक्क्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. अगदी मधल्या रकान्यात नऊही ओळींचे एक्के एकाखाली एक येतात, म्हणून तिथे ९. दोन्ही बाजूंना एकेक कमी.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव आपल्याच माणसाने दिलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली! तिथल्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. शाळा सांभाळून हा माणूस आयुष्यभर आकड्यांत रमला. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, हर्ष देणारी. तुझ्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. भाग घालून बघ, बाकी शून्य. आणि भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. यात ८ नाही, लक्षात आलं?

आता दहा एक्के घेऊन तसाच वर्ग कर. उत्तर येईल १,२३,४५,६७,९०,०९,८७,६५,४३,२१... थांब, आजी रागावेल! शेवटचे तीन एकत्र: १२,३४,५६,७९,००,९८,७६,५४,३२१. याच्या डावीकडे आणखी काही उरतं का, ते तूच उजवीकडून मोजून ठरव. चढत्या आकड्यांतून इथेही ८ गायब आहे. मधल्या रकान्यात दहा एक्के आले की हातचा कुठे जातो ते बघ, आणि रविवारी आजीला समजावून सांग.

तुझी,
आई