रात्रीची गाडी: उजेड किती, वेग किती?

सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला एमआयडीसीतून मोटरसायकलने गावी परततो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. काय करावं? (एक वाचक, कराड)

आधी वेगाचा हिशेब. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेलेच. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तेवढेच लागतात. डिप्परचा, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताचा, उपयोगी उजेडही जेमतेम ५० मीटर. म्हणजे ६० ला तुम्ही अगदी काठावर आहात. ८० ला ट्रॉली दिसेल, पण गाडी थांबणार नाही. हंगामात त्या रस्त्याला ४५-५० पुरे. घरी पाच-सात मिनिटं उशिरा पोचाल, एवढंच.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) तो झाकलेला असतो, नाहीतर चिखलाने माखलेला. त्याहून वाईट म्हणजे शेतातून रस्त्यावर आडवा येणारा ट्रॅक्टर. त्याचे दिवे पुढे गेले की रस्ता मोकळा झाला असं वाटतं, आणि मागच्या दोन ट्रॉल्या अजून अंधारात रस्ता अडवून असतात. ट्रॅक्टर दिसला की त्याची शेपूट संपेपर्यंत थांबाच. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेले दगडही कित्येकदा तिथेच सोडून जातात. हे दगड आणि सांडलेला ऊस बहुधा डाव्या कडेला सापडतात, म्हणून अगदी कडेने जाऊ नका.

कारखान्यांनी हंगामाच्या आधीच प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी ठोकून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च किरकोळ आहे.

हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून पांढरा एलईडी बल्ब टाकला. तरी रस्ता दिसत नाही.

हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड नेमक्या जागी न पडता विखुरतो. झाडं उजळतात, खड्डे राहतात. कंपनीचाच बल्ब परत लावा, काच पुसा, मग झोत तपासा. गाडी भिंतीजवळ नेऊन हेडलाइटच्या मध्याएवढ्या उंचीवर खडूची खूण करा आणि पाच मीटर मागे या. डिप्परच्या झोताची वरची कड खुणेच्या चार बोटं खाली हवी. तपासताना स्वतः गाडीवर बसा. मागे रोज कोणी बसत असेल तर त्यांनाही बसवा, कारण मागचा भाग दबला की झोत वर उचलला जातो. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

समोरचा अप्पर खाली करत नाही. आपणही अप्पर मारावा का? रात्रीचे पिवळे चष्मे कसे?

एकदा अप्पर-डिप्पर करून सांगा, तेवढंच. रागाने अप्पर मारलात तर एकाऐवजी दोघं आंधळे होतात. नजर दिव्यावरून काढून डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग तो जवळ येण्याआधीच कमी करा. तो गेल्यावरही काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी असते, आणि पायी चालणारा माणूस नेमका तेव्हाच सापडतो. हेल्मेटच्या काचेवर बारीक चरे असतील तर प्रत्येक दिवा फुलासारखा पसरतो, काच बदला. काळी काच रात्री नकोच. पिवळ्या चष्म्याने डोळ्यात येणारा उजेडच कमी होतो, तो घेऊ नका.

गणपतीला मुंबईहून चिपळूणला रात्रीच निघतो, ट्रॅफिक कमी लागतो. पहाटे डुलकी येते. चहा पुरेल का?

नाही. पहाटे तीन ते पाच शरीर झोप मागतंच. चहाने ती थोडी पुढे ढकलली जाते, एवढंच. मागचा एखादा किलोमीटर कसा गेला हे आठवत नसेल तर पुढच्या उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंप किंवा हॉटेल, गाडी लावून वीस मिनिटं झोपा. शक्य असेल तर संध्याकाळी झोपून पहाटे पाचनंतर निघा. आणि मागे बसलेल्यालाही झोपू देऊ नका. वळणावर त्याचं वजन एकदम एका बाजूला गेलं की गाडी ओढली जाते.