विषारी सापांचा दायित्व विमा: आधी परवाना की आधी पॉलिसी?

इंग्लंडमधील शाळांत घोणस आणि नाग दाखवून प्रबोधन करण्याची तुमची इच्छा आहे. परंतु कौन्सिल (स्थानिक प्रशासन) दायित्व विम्याशिवाय, म्हणजे सापामुळे इतरांना होणाऱ्या हानीची भरपाई देणाऱ्या विम्याशिवाय, विषारी साप पाळण्याचा परवाना देत नाही आणि विमा कंपनी परवान्याशिवाय दर सांगत नाही, हे तुमचे गाऱ्हाणे वाचून मला माझाच जुना पत्रव्यवहार आठवला. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली ही गत आहे. मी वकील नाही, विमा दलालही नाही, तेव्हा पुढील मजकूर एका पाळणाऱ्याचा अनुभव म्हणूनच वाचावा. पेट्या, कुलपे आणि हूक यांविषयी तुम्हाला सांगण्याची गरज नसावी.

1976 च्या डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्टनुसार प्राण्यामुळे होणाऱ्या हानीच्या दायित्वाचा विमा परवानाधारकाकडे असावाच लागतो. शिवाय त्या पॉलिसीच्या अटी कौन्सिलला समाधानकारक वाटाव्या लागतात. माझे सर्वाधिक नुकसान या 'समाधानकारक' शब्दाने केले. कौन्सिलच्या ज्या कार्यालयाशी माझी गाठ पडली, त्याने कोणत्या अटी चालतील हे लेखी सांगण्यास नकार दिला, हप्ता भरून पॉलिसी सादर केल्यावर मात्र 'हे संरक्षण केवळ घरच्या जागेपुरते आहे' असा शेरा मारून अर्ज परत केला. शेरा चुकीचा नव्हता, पण तो हप्ता भरण्यापूर्वी देता आला असता. हप्त्याची रक्कम परत मिळाली नाही आणि शाळांचे ते सत्र हातचे गेले.

म्हणून माझे ठाम मत असे की, परवाना मिळाल्यास पॉलिसी लागू होईल असे सशर्त पत्र आणि पॉलिसीच्या मजकुराचा मसुदा कंपनीकडून घ्यावा, तो कौन्सिलला पाठवावा आणि लेखी होकार येईपर्यंत पैसे भरू नयेत. मसुद्यात साप घराबाहेर नेणे, प्रवास आणि प्रेक्षकांसमोरील प्रदर्शन यांचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण परवान्यातही साप जागेबाहेर कधी व कसा न्यायचा याच्या अटी असतात. प्रदर्शनासाठी प्राण्यांशी संबंधित व्यवसायांच्या परवान्यांविषयीच्या 2018 च्या नियमांखालील वेगळा परवाना लागतो आणि त्यालाही सार्वजनिक दायित्व विम्याची अट आहे. दोन्हींना पुरेल अशी एकच पॉलिसी मिळते का, हे आधीच विचारावे.

'माझा साप कोणाला चावणार नाही' या युक्तिवादाने दलालाचा वेळ घालवू नये. 1971 च्या ॲनिमल्स ॲक्टप्रमाणे धोकादायक जातीच्या प्राण्याने केलेल्या हानीची जबाबदारी, काही मोजके अपवाद वगळता, निष्काळजीपणा सिद्ध न होताही पाळणाऱ्यावर येते आणि कंपनी जोखीम त्याच हिशेबाने मोजते. पगारी मदतनीस ठेवणार असाल तर नियोक्त्याचा दायित्व विमा (कामावर मदतनीसाला इजा झाल्यास लागणारा) स्वतंत्रपणे पाहावा. तुम्हाला स्वतःलाच दंश झाला तर दायित्व विमा कामाचा नाही. बुडालेल्या कमाईसाठी व्यक्तिगत अपघात विमा घ्यावा आणि त्यात विषारी साप हाताळणे वगळलेले नाही ना, हे तपासावे.