गावपातळीवर आहारतज्ज्ञ नेमकं काय करतात? नुसता डाएट चार्टच देतात का?

चार्ट हा त्यातला अगदी छोटा भाग. सार्वजनिक आरोग्यातल्या आहारतज्ज्ञासमोर एक पेशंट नाही, अख्खी वाडी असते. अंगणवाडीतल्या वजन-उंचीच्या नोंदी बघायच्या, सेविकांना पाककृती शिकवायच्या, आणि मुख्य म्हणजे घरात आहे तेच ताटात आणायचं.

आमच्या कोकणात हेच कठीण. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तरी पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा! कुळथाच्या पिठीसोबत लिंबाची फोड घ्या, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. सुकी मासळी उत्तम, पण खारा बांगडा भिजवून, पाणी टाकूनच रांधा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, आणि लोणचं-पापड आपण मोजतच नाही.