माझी भूमिका असलेला सिनेमा फेस्टिव्हलला निवडला गेलाय. स्वतःच्या खर्चाने जाऊ का? नटाला त्याचा खरंच उपयोग होतो का?

खर्च दुसरं कुणी करणार असेल तर डोळे झाकून जा. पदरमोड करायची असेल तर आधी निर्मात्याशी बोला, मग ठरवा. उसनवारी करून किंवा हातातलं काम सोडून जावं लागणार असेल तर नका जाऊ. सिनेमा तुमच्याशिवायही दाखवला जाणार आहे आणि तुमचं काम पडद्यावर जसं आहे तसंच दिसणार आहे.

आता सविस्तर. तुम्ही लिहिलंय की भूमिका दुय्यम पण लक्षात राहण्यासारखी आहे, मानधनातले निम्मे पैसे 'सिनेमा विकला गेला की' मिळायचे आहेत, नोकरीतून दहा दिवसांची रजा काढावी लागेल आणि दिग्दर्शक म्हणतोय, फेस्टिव्हलला आलात तर आयुष्य बदलून जाईल. मी स्वतः बरीच वर्षं कमी बजेटच्या सिनेमांत कामं करते. नायिकेची मोठी बहीण, शेजारीण, नर्स, एकदा तर नुसतंच प्रेत. त्यातले काही सिनेमे फेस्टिव्हलांत गेले, काही कुठेच गेले नाहीत. दिग्दर्शकाचं ते वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. आयुष्य बदलतं, पण बहुतेक वेळा दिग्दर्शकाचं.

फेस्टिव्हल ही मुळात दिग्दर्शकाचीच जागा आहे. स्क्रीनिंग संपतं, दिवे लागतात, टीम पडद्यासमोर ओळीने उभी राहते. माइक एकच असतो आणि तो दिग्दर्शकाच्या हातात असतो. प्रेक्षकांतून पहिला प्रश्न येतो, "तो जिन्यावरचा प्रसंग तुम्ही त्यांच्याकडून कसा करून घेतलात?" ज्या बाईने तो प्रसंग केला ती तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असते. ती हसते. दिग्दर्शक पाच मिनिटं बोलतो. त्याला लेन्स आठवते, पाऊस थांबायची वाट बघितलेली आठवते, शेवटी 'आणि अर्थातच ही' म्हणून तो तिच्याकडे हात करतो. टाळ्या पडतात. माइक तिच्यापर्यंत पोचेपर्यंत व्यवस्थापक घड्याळ दाखवतात, कारण पुढच्या सिनेमाची रांग बाहेर लागलेली असते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. सिनेमा निवडणारे आणि त्याबद्दल लिहिणारे दिग्दर्शकाच्या नावानेच त्याला ओळखतात.

बक्षिसांचंही तेच. फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलमध्ये ज्या सिनेमाला पाम द'ओर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळतं त्याला वर अभिनयाचं बक्षीस द्यायचं नाही असा शिरस्ता आहे. २०१३ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ज्यूरीला विजेत्या सिनेमातल्या दोन अभिनेत्रींचं काम वगळवेना, तेव्हा त्यांनी खुद्द पाम द'ओरच दिग्दर्शकाबरोबर अदेल एक्झार्कोपुलोस आणि लेआ सेदू यांनाही दिलं. त्याची तेव्हा केवढी बातमी झाली! सिनेमा ज्यांच्या चेहऱ्यांवर उभा आहे त्यांचं नाव बक्षिसावर येणं हीच बातमी होती.

आता तुमचा फेस्टिव्हल कुठला, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. व्हेनिस (१९३२ पासूनचा, म्हणजे सगळ्यांत जुना), कान, बर्लिन, लोकार्नो, रॉटरडॅम, टोरांटो, सनडान्स यांपैकी काही असेल तर गोष्टच वेगळी. सनडान्सकडे २०२४ च्या फेस्टिव्हलसाठी ४,४०० हून अधिक फीचर फिल्म आल्या होत्या आणि निवड झाली ती शंभराच्या आत. एवढ्या गाळणीतून सिनेमा गेला असेल तर वाट्टेल ते करून एक तिकीट काढा. पण नाव छोटं म्हणून नाक मुरडू नका. सनडान्सने नाकारलेल्या काही दिग्दर्शकांनी १९९५ मध्ये स्लॅमडान्स सुरू केला आणि आज त्याला स्वतःची पत आहे. छोट्या पण मनापासून चालवलेल्या फेस्टिव्हलमध्ये कित्येकदा नटाला जास्त विचारतात, कारण तिथे तारे नसतात आणि निवड करणारी माणसं संध्याकाळी तुमच्याच टेबलाशी येऊन बसतात.

तिसरा प्रकार मात्र टाळायचा. दर महिन्याला 'भरणारे' फेस्टिव्हल, ज्यांना थिएटर नाही, प्रेक्षक नाहीत, फक्त वेबसाइट आहे आणि प्रवेश फी आहे. बक्षिसांचे इतके विभाग की कुणीच रिकाम्या हाताने परत जात नाही, आणि ट्रॉफी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. पोस्टरवर फेस्टिव्हलच्या नावाभोवती लावतात ती पानांच्या दोन डहाळ्यांची कमान मिळते, बाकी शून्य. कास्टिंगवाल्यांना ही नावं पाठ असतात. तपासायचं कसं? मागच्या वर्षीचं वेळापत्रक बघा, त्यात थिएटरचं नाव आणि खेळाची वेळ आहे का ते बघा, ज्यूरीतली माणसं खरी आहेत का ते बघा, आणि फोटोंमध्ये खुर्च्यांवर कुणी बसलंय का तेही बघा. खुर्च्यांचा एकही फोटो नसेल तर रजेचा अर्ज फाडून टाका.

खर्चाचं म्हणाल, तर बऱ्याच फेस्टिव्हलांत स्पर्धेतल्या सिनेमासाठी दिग्दर्शकाची आणि क्वचित आणखी एखाद्याची राहण्याची सोय असते, तीही मोजक्या रात्रींची. बाकीच्यांचं निर्मात्याने बघायचं असतं आणि निर्माता ते तुमच्यावर ढकलतो. इथे भीड बाळगू नका. सिनेमाच्या प्रसिद्धीला जाणं हेही कामच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने, सॅग-आफ्ट्राने, ११८ दिवस संप केला तेव्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहणं जसं बंद होतं तसंच संपात अडकलेल्या कंपन्यांच्या सिनेमांसाठी फेस्टिव्हलला जाणं आणि मुलाखती देणंही बंद होतं. त्या वर्षी व्हेनिसच्या उद्घाटनाला ठरलेला सिनेमा कंपनीने मागे घेतला. नट येणार नसतील तर दाखवण्यात काय अर्थ, असा तो हिशेब. उलट ज्या स्वतंत्र निर्मात्यांनी संघटनेशी हंगामी करार केले, त्यांचे नट तिथे आले आणि फोटोही त्यांचेच निघाले. तुम्ही तारा नाही हे मान्य, पण तत्त्व तेच आहे. निर्मात्याला सरळ विचारा, "मी आल्याने सिनेमाला उपयोग आहे ना? मग तिकीट तुम्ही काढा, राहण्याचं मी बघते किंवा उलट करू." अर्ध्या खर्चावर तो बहुधा येतोच. पाहुण्यांच्या यादीत नाव आणि बॅज तरी मागूनच घ्या. बॅज नसेल तर तुम्ही तिथे इतरांसारखेच तिकीट काढून आलेले प्रेक्षक.

गेलात तर काय करायचं? मोठ्या दिग्दर्शकाच्या मागे मागे फिरू नका, त्याच्याभोवती आधीच कडं असतं. शॉर्ट फिल्मचे गट बघायला जा. सहा-सात शॉर्ट फिल्म एकत्र दाखवतात, प्रेक्षक कमी असतात आणि दिग्दर्शक सगळे हजर असतात. या मुलामुलींच्या पिशवीत पुढच्या सिनेमाची पटकथा असते आणि कास्टिंग अजून झालेलं नसतं. दिग्दर्शक डेमियन शझेल यांची 'व्हिपलॅश' ही शॉर्ट फिल्म २०१३ च्या सनडान्समध्ये होती. तिच्या जोरावर त्यांना पैसा मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाचा पूर्ण सिनेमा तिथे आला. नट जे. के. सिमन्स दोन्हींत होते. टीव्हीवर आणि सिनेमात वर्षानुवर्षं दुय्यम कामं केलेला हा माणूस २०१५ मध्ये, साठाव्या वर्षी, त्या भूमिकेसाठी ऑस्कर घेऊन गेला. त्यांनी शॉर्ट फिल्म म्हणून नाक मुरडलं असतं तर ती भूमिका दुसऱ्या कुणाची झाली असती.

मलाही फेस्टिव्हलमधून जे मिळालं ते असंच, शॉर्ट फिल्मवाल्यांकडून. स्वच्छतागृहाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने मला ओळखलं नाही, माझा आवाज ओळखला. पुढे तिने मला बोलावलं. लाल गालिच्यावरून मात्र मला आजवर एकही फोन आलेला नाही.

आणि आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. फेस्टिव्हलमुळे नटाचं एक थेट नुकसान होतं. मोठ्या फेस्टिव्हलांना सिनेमाचा प्रीमियर आपल्याकडेच हवा असतो. म्हणून निर्माता सिनेमा दडवून ठेवतो, एक मिनिटही बाहेर येऊ देत नाही. निवडीची वाट बघण्यात काही महिने जातात, मग फेस्टिव्हलांची फेरी, मग वितरकाची वाट. शूटिंग संपल्यापासून सिनेमा लोकांना दिसेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. तोवर तुमचं सगळ्यांत चांगलं काम कुलपात असतं. ऑडिशनला शोरील, म्हणजे तुमच्या कामाच्या निवडक क्लिप, मागतात आणि तुम्ही जुन्याच क्लिप पाठवत राहता. नवा दिग्दर्शक तुम्हाला तीन वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यावरून आणि तेव्हाच्या समजेवरून जोखतो. वय वाढतं ते वेगळंच.

यावर उपाय आहे, पण तो आधी करायचा असतो. करारातच लिहून घ्यायचं की एडिट पक्कं झालं की माझे दोन प्रसंग पासवर्ड असलेल्या लिंकवर मला मिळतील, ते फक्त कास्टिंगसाठी वापरीन, कुठेही जाहीर टाकणार नाही. तुमच्या करारात हे नसेल तर आज ईमेल करा. निवड झाल्यावर निर्माता खुशीत असतो, तेव्हाच मागायचं. फेस्टिव्हलनंतर हाच माणूस फोन उचलत नाही, कारण त्याच्यामागे गुंतवणूकदार लागलेले असतात.

त्या निम्म्या पैशांबद्दलही स्पष्ट सांगते. 'सिनेमा विकला गेला की' मिळणारे पैसे मिळालेच तर लॉटरी समजा. फेस्टिव्हलला निवड झालेले सगळे सिनेमे विकले जात नाहीत. कित्येकांचा प्रवास फेस्टिव्हलांतच संपतो. विकला गेला तरी आलेल्या पैशांतून आधी सेल्स एजंट, म्हणजे सिनेमा विकून देणारा, आपलं कमिशन आणि खर्च कापून घेतो, मग गुंतवणूकदारांची मुद्दल, आणि उरलं तर तुमच्या-आमच्यासारखे. हा क्रम करारागणिक थोडा बदलतो, नट शेवटच्या बाकावर हे सहसा बदलत नाही. 'निव्वळ नफ्यात टक्का' असं काही लिहिलं असेल तर त्यावर घर बांधू नका. मात्र तुमचं मानधन नफ्यातून द्यायचंय की पहिल्या विक्रीतून, हे करारात एकदा नीट वाचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आयुष्य बदलण्याचं म्हणाल तर उदाहरणं दोन्हीकडची आहेत. अमेरिकन अभिनेत्री मेलिसा लिओ ऐंशीच्या दशकापासून काम करत होत्या. २००८ मध्ये त्यांची मुख्य भूमिका असलेला 'फ्रोझन रिव्हर' हा लहानसा सिनेमा सनडान्सला जिंकला, पुढच्या वर्षी त्यांना त्याच भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि २०११ मध्ये दुसऱ्या सिनेमासाठी ऑस्करच. दुसरीकडे 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन सिनेमाचा नायक लाम्बेर्तो माज्जोरानी. १९४८ चा सिनेमा, आजही जगभर शिकवला जातो. हा माणूस कारखान्यातला कामगार. सिनेमानंतर तो परत कारखान्यात गेला, पण तिथली नोकरी गेली, आणि पुढे वाट्याला आल्या त्या किरकोळ भूमिका. फरक नुसत्या नशिबाचा नाही. लिओ यांच्यामागे पंचवीस वर्षांचं काम होतं, त्यामुळे दार उघडलं तेव्हा दुसऱ्या दिवशी काय करायचं ते त्यांना माहीत होतं. माज्जोरानीकडे एकच सिनेमा होता.

आणि या धंद्यात पोट भरण्याचं वास्तव फेस्टिव्हलच्या फोटोंवरून कळत नाही. मघाशी म्हटलं त्या संघटनेत दीड लाखाहून जास्त सभासद आहेत. संपाच्या वर्षी आरोग्य विमा मिळायला वर्षाला २६,४७० डॉलर अभिनयातून कमवावे लागत होते, आणि बहुसंख्य सभासदांची कमाई तेवढीही नव्हती. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत सिनेउद्योगाची ही स्थिती. तेव्हा नोकरी करून अभिनय करताय याची लाज वाटून घेऊ नका, आणि फेस्टिव्हलसाठी ती पणाला तर मुळीच लावू नका.

एक गोष्ट मात्र पैशांत मोजता येत नाही. अनोळखी माणसांनी भरलेल्या थिएटरात स्वतःचं काम बघणं. सेटवर तुम्हाला जो प्रसंग जमला असं वाटलं होतं तिथे लोक चुळबुळ करतात, खोकतात. आणि जिथे तुम्ही काहीच केलं नव्हतं, नुसतं दार लावून वळला होतात, तिथे सगळं थिएटर गप्प होतं. आपण कुठे जास्तीचं करतो हे मला कुठल्याही कार्यशाळेत इतकं लख्ख दिसलं नव्हतं. मित्रमंडळींच्या खेळात हे होत नाही, ते सगळ्यालाच छान म्हणतात. यासाठी मी अजूनही जाते. शक्य असेल तर मागच्या बाजूला, कडेच्या खुर्चीत बसा. पडद्याबरोबर माणसंही दिसली पाहिजेत.

रजा दहा दिवसांची काढू नका. एजंट, पत्रकार, कास्टिंगवाले बहुतेक सगळे पहिल्या तीन-चार दिवसांत येतात आणि निघून जातात. उत्तरार्धात शहरातले प्रेक्षक उरतात. तुमचं पहिलं स्क्रीनिंग कधी आहे ते विचारा, त्याच्या आदल्या दिवशी पोचा आणि नंतर दोन दिवस थांबा. ते स्क्रीनिंगच उत्तरार्धात असेल तर निर्मात्याने तिकीट दिलं तरच जा. उरलेली रजा पुढच्या शूटिंगला लागेल.